भिंतीवरची शेकोटी आणि सासूबाईंचे गुडघे

एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलंय. नावगाव वगळून त्यातला मजकूर थोडक्यात असा: घराचं नूतनीकरण चाललंय. दिवाणखाना साधारण १५ बाय १२ फुटांचा, त्याची एक भिंत बाहेरच्या बाजूची आणि थंडीत हात लावला तर चटका बसावा इतकी गार. घरात त्या दोघं, तीन वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. थंडी पडली की सासूबाईंचे गुडघे धरतात. एका मैत्रिणीकडे भिंतीवर टांगलेली विजेची फायरप्लेस (काचेमागे नकली ज्योत, आत हीटर) पाहिल्यापासून ती यांच्या मनात भरलीय. नवरा म्हणतो, "ऊबच हवी तर साधा हीटर आण, आगीचं चित्र कशाला?" दीर म्हणतात, "घ्यायचीच तर खऱ्या ज्योतीची, बायोइथेनॉलची (म्हणजे पिकांपासून काढलेल्या अल्कोहोलवर जळणारी) घ्या. विजेवरचं ते खेळणं." कंत्राटदाराला टीव्हीखाली भिंत फोडून ती आत बसवायचीय, कारण 'सध्या सगळे तसंच करतात'. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "मी माझ्या हौसेपायी घराला खर्चात पाडतेय का? आणि घ्यायचीच तर कोणती, कुठे आणि कशी?"

ताई,

तुमच्या पत्रात चार माणसांची मतं आहेत आणि ज्यांच्या गुडघ्यांचं नाव पुढे करून हे सगळं चाललंय, त्या सासूबाईंचं एकही वाक्य नाही. त्या दिवाणखान्यात बसतात का? कोणत्या खुर्चीत? किती वाजता? हे मी खोडसाळपणे विचारत नाही. हीटर कोणता घ्यायचा याचं निम्मं उत्तर त्या खुर्चीत आहे.

गरम हवा वर जाते, हे शाळेत आपण सगळेच शिकलो आणि घर लावताना सगळेच विसरलो. भिंतीवरच्या बहुतेक विजेच्या फायरप्लेसमध्ये एक गरम होणारी तार आणि एक छोटा पंखा असतो. पंखा तारेवरून हवा फुंकतो आणि ती हवा यंत्राच्या वरच्या किंवा पुढच्या झरोक्यातून बाहेर पडते. यंत्र जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर टांगलं आणि झरोका वरच्या अंगाला असला, तर ती हवा थेट छताची वाट धरते. खोली हळूहळू तापते, हे खरं. पण आधी तापतं छत, मग उभ्या माणसाचं डोकं आणि सगळ्यात शेवटी बसलेल्या माणसाचे गुडघे. त्यामुळे सासूबाईंच्या दुखण्यावर उपाय म्हणून तुम्ही ही वस्तू घेणार असाल, तर मी स्पष्टच सांगते, त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवलेला तेलाचा रेडिएटर (आतलं बंद तेल विजेवर तापवणारा सुटा हीटर) हे काम जास्त चांगलं करेल. तो दिसायला अगदीच रूक्ष असतो. पण त्याला पंखा नसतो, म्हणून आवाज नाही, आणि त्याची धग खालून येते.

इथे तुमचे यजमान जिंकले असं वाटेल. अर्धे जिंकलेत. २००० वॉटचा हीटर म्हणजे २००० वॉटचा हीटर, मग तो काळ्या काचेमागे ओंडक्यांच्या नकलेत लपवलेला असो की पत्र्याच्या डब्यात. तारेतून गेलेली जवळपास सगळी वीज उष्णतेतच जाते. महागड्या पेटीतून जास्त ऊब निघत नाही. पूर्ण क्षमतेवर तासभर चालवला की २ युनिटं जळणार, दोन्हीकडे तेवढीच. ('थर्मोस्टॅटमुळे वीज वाचते' असं विक्रेता सांगेल. साध्या हीटरलाही थर्मोस्टॅट असतो.) आणि घरात गार-गरम दोन्ही करणारा एसी असेल, तर तो त्याच एका युनिटात दुप्पट-तिप्पट ऊब देऊ शकतो, कारण तो उष्णता नव्याने तयार न करता बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो. निव्वळ हिशेबच मांडायचा तर फायरप्लेस पहिल्याच फेरीत बाद होते.

पण यजमानांचा हिशेब एका जागी चुकतो. 'आगीचं चित्र' हे त्यांना फुकटचं ओझं वाटतं. चांगल्या यंत्रात ज्योत आणि हीटर यांची बटणं वेगवेगळी असतात. नुसती ज्योत लावली तर आत फक्त एलईडी दिवे आणि कधी एखादी छोटी मोटर चालते. तिला साध्या बल्बाइतकीच वीज लागते. ती उन्हाळ्यातही लावता येते, पावसाळ्यातही. रात्री मोठा दिवा घालवून नुसती ती ज्योत ठेवली की खोलीत माणसं वेगळ्या तऱ्हेने बसतात. मोबाइलवरून मान वर येते म्हणा ना. तुम्हाला मैत्रिणीकडे भुरळ पडली ती याची, असं मला पत्रावरून वाटतं. 'तिच्याकडे किती गरम होतं' असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. 'तिच्याकडे सगळे तिथेच येऊन बसतात' असं दोनदा लिहिलंय.

तर मग तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या एकाच वस्तूतून मिळाव्यात असा हट्ट तुम्ही (आणि घरातले सगळेच) धरून बसला आहात. ऊब सासूबाईंसाठी, ज्योत तुमच्यासाठी. ज्योत सासूबाईंनाही आवडेल कदाचित. विचारा त्यांना.

आता दीर. 'खरी आग म्हणजे खरी ऊब' ही समजूत जुनी आहे आणि तितकीच डळमळीत. भिंतीतल्या उघड्या शेकोट्यांची बरीचशी उष्णता धुराड्यातून आकाशात जायची, घरातली तापलेली हवाही सोबत घेऊन. उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ साली यावर एक अख्खा निबंध लिहिला, शेकोटी उथळ करा, बाजू तिरप्या करा, धुराड्याचा गळा अरुंद करा म्हणून. म्हणजे खऱ्या आगीची ही तक्रार सव्वादोनशे वर्षांपूर्वीचीच आहे.

बायोइथेनॉलला धुराडं लागत नाही आणि हाच त्याचा विक्रीचा मोठा मुद्दा. पण धुराडं नाही याचा अर्थ जळून जे तयार होतं ते तुमच्याच खोलीत राहतं. एक लिटर इथेनॉल नीट जळलं तर साधारण ९०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने आणि दीड किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुम्ही लिहिलेली ती गार भिंत आठवा. थंडीत खिडक्या बंद करून बसलात तर ती वाफ त्या भिंतीवरच जाऊन बसणार, आणि पुढच्या मोसमात तिथे बुरशीचे डाग. खिडकी उघडलीत तर ऊब गेली. आणि उघडावी तर लागतेच, कारण ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन खाते.

यापेक्षा मोठी धास्ती इंधन भरण्याची आहे. शुद्ध इथेनॉलची वाफ १३ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे खोलीच्या साध्या तापमानाला सहज. त्याची ज्योत उजेडात इतकी फिकी दिसते की विझली असं वाटून माणूस बाटली तिरपी करतो. बर्नर गरम असेल किंवा तळाशी जरा जरी ज्योत शिल्लक असेल, तर आग धारेवरून उलटी बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून समोरच्या माणसाच्या अंगावर फेकली जाते. जगभरात लोक असे भाजले आहेत. या उपकरणांसाठी युरोपात ईएन १६६४७ हे स्वतंत्र मानक आहे, आणि ज्याला घ्यायचंच आहे त्याने त्या मानकाचं, भिंतीला पक्कं बसणारं यंत्र घ्यावं, बर्नर पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये आणि इंधनाचा कॅन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पण तीन वर्षांची पोर घरात असताना मी तुम्हाला हा पर्याय सुचवणार नाही. दिरांना राग आला तर माझं नाव सांगा.

गॅसच्या फायरप्लेसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाकीच्या वाचकांसाठी एवढंच: बंद काचेची आणि बाहेरच्या भिंतीतून आरपार जाणाऱ्या दुहेरी नळीची असेल तरच विचार करा. बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो, खोलीच्या हवेशी ज्योतीचा संबंध येत नाही. इमारतीची परवानगी, परवानाधारक फिटर आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म, यातलं एकही वगळून चालत नाही.

राहिली विजेची. 'खेळणं' म्हणून हिणवलं तरी तुमच्या घराला हीच शोभेल. आकाराला भुलू नका. सहा फूट लांबीच्या यंत्रात आणि तीन फुटांच्या यंत्रात हीटर बहुधा सारखाच असतो, दीड-दोन हजार वॉटचा. लांबी वाढते ती फक्त ज्योतीची. ढोबळ ठोकताळा असा की चौरस फुटाला १० वॉट. तुमची खोली १८० चौरस फुटांची, म्हणजे १८०० वॉट. भिंत गार आहे म्हणून २००० धरा. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर लेबलवरचं व्होल्टेज आधी वाचायला सांगा. १२० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं तर पहिल्या मिनिटातच त्याचं काम संपेल.

दुकानात ज्योत दोन मिनिटं पाहून निर्णय घेऊ नका. स्टूल मागून घ्या आणि दहा मिनिटं समोर बसा. स्वस्त यंत्रात ज्योतीची तीच तीच हालचाल काही सेकंदांनी परत येते आणि एकदा ती लक्षात आली की मग दुसरं काही दिसतच नाही. दुकानातलं संगीत बंद करायला लावा आणि पंखा पूर्ण वेगात सोडा. टीव्हीचा आवाज वाढवावा लागेल असं वाटलं तर पुढच्या यंत्राकडे वळा. काही यंत्रांत पाण्याची बारीक वाफ उडवून त्यावर उजेड पाडतात. दिसायला ती सगळ्यात सुरेख. पण टाकी भरत राहावी लागते आणि पाणी जड असेल तर क्षार साचतात. स्वच्छतेची हौस असेल तरच घ्या.

जागेच्या बाबतीत कंत्राटदाराशी माझं वाकडं आहे. टीव्हीखालचा कोनाडा चित्रात छान दिसतो. प्रत्यक्षात दोन हलते उजेड एकाखाली एक येतात, आणि टीव्ही लागला की ज्योतीकडे कुणी बघत नाही. झरोका वरच्या अंगाला असेल तर गरम हवा सरळ टीव्हीच्या पोटात जाते. पुढे फुंकणारं यंत्र असेल तरी टीव्हीपर्यंत किती अंतर हवं हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो आकडा कंत्राटदाराच्या अंदाजापेक्षा मोठा मानायचा.

आणि भिंत फोडणं? ती भिंत कोणती आहे ते आधी पाहा. साडेचार इंची विटेची भिंत असेल तर आत बसवायला जागाच नाही, मागच्या खोलीत गिलावा फुटून बाहेर येईल. नऊ इंची असेल तर ती वरचा भार पेलतेय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, कंत्राटदाराने नव्हे. खांब आणि तुळई यांना तर हातही लावू द्यायचा नाही. हे सगळं जमलं तरी एक अडचण उरते. कोनाडा एका विशिष्ट मॉडेलच्या मापाचा होतो. काही वर्षांनी यंत्र बिघडलं आणि ते माप बाजारात नसलं, तर भिंतीतल्या भोकाचं करायचं काय? टांगलेलं यंत्र काढलं तर चार भोकं बुजवून रंग मारला की झालं. मी टांगण्याच्या बाजूची आहे. चपटं हवंच असेल तर समोर खोटी भिंत उभारता येते, पण तिथेही प्लायवूड आणि लॅमिनेट झरोक्यापासून किती लांब हवं ते पुस्तिकेतच पाहावं लागेल.

आता माझी फजिती सांगते. आमच्याकडे पहिल्यांदा बसवली तेव्हा मी ती तसबीर लावतात त्या उंचीवर लावून घेतली. उभं राहून पाहिलं, छान वाटलं. संध्याकाळी बसलो आणि सगळ्यांच्या माना वर. आग कधी डोक्यावर असते का! वर, कारागिराने स्क्रूसाठीचे प्लग (भिंतीत ठोकायच्या खुंट्या) नुसत्या गिलाव्यात ठोकले होते, विटेपर्यंत पोचलेच नव्हते. तीन आठवड्यांत एक कोपरा खाली आला. आम्ही तिला 'रुसलेली' म्हणायचो. काढली तेव्हा भिंतीचा ताटाएवढा पोपडा सोबत आला.

म्हणून हे जरा सविस्तर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात. ज्योतीचा मध्य त्याच्या थोडा खाली, मीटरभर उंचीवर आला की मान सरळ राहते. आधी यंत्राच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापा, चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस राहू द्या. समोर खिडकी असेल तर दुपारी पाहा, कारण काळ्या काचेत दिवसभर ज्योतीऐवजी खिडकीच दिसते. पडदा वाऱ्याने कुठवर येतो ते बघा. यंत्रासमोर किमान मीटरभर जागा मोकळी हवी.

इतक्या खाली आणलं की मुलीचा हात पोचणार, हा पेच मला मान्य आहे. विजेच्या यंत्राची काच सहसा भाजण्याइतकी तापत नाही, झरोक्याची जाळी मात्र तापते. म्हणून झरोका कुठे आहे ते पाहा, रिमोटला आणि बटणांना चाइल्ड लॉक आहे का ते विचारा, आणि पहिला हिवाळा हीटर मोठ्या माणसाच्या देखतच चालवा. काही पेन्सिली आणि एखादा मोजा जाळीतून आत जाईलच. तेव्हा आधी विजेचा प्लग काढायचा. तेलाच्या रेडिएटरच्या पाती तर पूर्णच तापतात. तो घेतलात तर त्यालाही बाहेरून जाळीचं कुंपण हवं.

भिंत कशाची आहे त्यावर स्क्रूचा प्लग ठरतो. भरीव विटेत किंवा काँक्रीटमध्ये नेहमीचे फास्टनर चालतात. हलक्या सिमेंटच्या ब्लॉकना त्यांच्यासाठीचे वेगळे प्लग लागतात, साधे त्यात फिरत राहतात. जिप्समच्या बोर्डावर टांगायचं तर आतला धातूचा सांगाडा शोधून त्यातच स्क्रू जायला हवेत. पुस्तिकेतलं वजन पाहून त्याच्या कितीतरी पट भार पेलणारे प्लग घ्या, कारण पोरं लोंबकळतात. ड्रिल लावण्याआधी वायर शोधायचं यंत्र भिंतीवरून फिरवा. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचंच नाही, आतल्या वायरी बहुधा तिथूनच जातात. ब्रॅकेट बसताना स्पिरिट लेव्हल स्वतः हातात घ्या. कारागिराला वाईट वाटत नाही, वाटलं तरी चालेल.

विजेचं काम रंगाच्या आधी. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर. दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालत नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर तर नाहीच, तासन्‌तास चाललं की बोर्ड वितळू शकतो. वायरमनकडून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, त्याला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच). रेडिएटरही घेतलात तर त्याला दुसरा पॉइंट, दोन्ही एकाच सॉकेटवर नकोत. सॉकेट यंत्राच्या बाजूला असावं. हीटर सॉकेटच्या थेट खाली बसवू नये ही सूचना जवळपास प्रत्येक पुस्तिकेत असते आणि जवळपास प्रत्येक घरात मोडली जाते. यंत्रावर खोलीतल्या हीटरसाठीचं आयईसी ६०३३५-२-३० हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक, किंवा त्यावर बेतलेलं तुमच्याकडचं मानक, लिहिलेलं आहे का ते पाहून घ्या. ठरल्या वेळी हीटर आपोआप चालू करणारा टायमर किंवा स्मार्ट प्लग लावू नका. खोलीत कुणी नसताना वर टॉवेल वाळत असेल तर?

पण यातलं काहीही करण्याआधी पंधरा दिवस थांबा. कुणाकडून तरी एक साधा रेडिएटर उसना आणा आणि सासूबाईंच्या खुर्चीजवळ ठेवा. सोबत तो वर्तमानपत्राचा कागद भिंतीवर. रात्री कोण कुठे बसतं ते बघा. सासूबाईंचे गुडघे मोकळे झाले आणि कागदाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, तर यजमानांना एकदा 'तुमचं बरोबर होतं' म्हणून टाका. आणि गुडघे मोकळे होऊनही तुमची नजर त्या कागदावर जात राहिली, तर ती हौस आहे, आणि हौसेला गुडघ्यांची सबब कशाला? वॉट कमी असलेली, नुसत्या सुंदर ज्योतीची फायरप्लेस घ्या, ऊब रेडिएटरवर सोडा.

कागद शेवटी कोणत्या भिंतीवर राहिला ते कळवा. टीव्हीखाली राहणार नाही, यावर मी कंत्राटदाराशी पैज लावायला तयार आहे.